दात तर सगळेच घासतात

"घरात कुणी सिगारेट ओढतं का?" सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माझ्या पोटातल्या बाळाचं वजन वाढत नव्हतं.

सासूबाई उसळल्याच. "आमच्याकडं? बाहेर भिंतीवर सिगारेट ओढणाऱ्या पोरीचं चित्र लावलंय ना, तसल्या पोरींना विचारा. माझ्या मुलानं अजून विडीला हात लावलेला नाही."

"आणि तू तंबाखू खातेस?"

मी नाही म्हटलं. त्यांची नजर माझ्या दातांवरून हलेना. "मिश्री लावतेस?"

"हो. सकाळ-संध्याकाळ. हल्ली मळमळतं, म्हणून दुपारीही." यात विचारण्यासारखं काय आहे, मला कळेना. दात तर सगळेच घासतात.

"कशाची करता?"

"तंबाखूची. तव्यावर भाजून..." मी मध्येच अडखळले. भाजायला मीच तर बसते. ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. तरी त्या काळ्या भुकटीला तंबाखू म्हणायचं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. थुंकून टाकली तरी तिचं विष हिरड्यांतून रक्तात जातं, तिथून बाळाकडे. मला अर्धंच ऐकू येत होतं. मग सिगारेट ओढणारी ती चित्रातली पोरगी आणि मी?

"काही होत नाही गं," सासूबाई माझा हात दाबत म्हणाल्या. "माझी चार बाळंतपणं झाली. एक दिवस मिश्री चुकवली नाही."

चार बाळंतपणं? माझ्या नवऱ्याला ना भाऊ आहे, ना बहीण.