दंडावरचा कौल

बाळाबाईनं झेंडूची एक पाकळी पाण्यात बुडवून सुनेच्या उजव्या दंडावर चिकटवली, दुसरी डाव्या दंडावर. मग दोन पावलं मागं सरून ती हात जोडून बसली. उजवी आधी गळली तर होय, डावी आधी गळली तर नाही. देवळात देवीला लावतात तसाच हा कौल. फक्त इथं देवीच्या जागी सारजा पाटावर बसली होती आणि तिचे दंड आपोआप उडत असत.

ते का उडतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वैद्यानं वात म्हटलं, मिलच्या डॉक्टरानं काही नाही म्हटलं, आणि चाळीतल्या बायकांनी देवी म्हटलं. देवी म्हटल्यावर औषधाचा विषयच मिटला. सारजाला दिवसभर कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं होई. खाजवावं तर वर काही नसे. जरा डोळा लागला की पोटरी उडायला लागे, नाहीतर ओठाचा कोपरा. हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. दर मंगळवारी तिची ओटी भरायला मात्र सगळ्यांना सवड होती.

"इचार चंद्रव्वा," बाळाबाई म्हणाली. "काय इचारायचं ते मोकळं इचार."

चंद्रव्वा शेजारच्या खोलीतली. तिच्या चार वर्षांच्या मुलीचा घसा आतून धरला होता. दारात मकदूमचा टांगा उभा होता आणि त्यात मुलगी बापाच्या मांडीवर पडली होती. तिचा श्वास थेट खोलीत ऐकू येत होता, करवत ओढल्यासारखा.

"यव्वा, पोरीला मोठ्या दवाखान्यात नेऊ का नको?" चंद्रव्वानं पदर पसरला. "थोरल्याला तितं नेलं, त्यो माघारी आलाच न्हाय. तू नको म्हणलीस तर टांगा परत. मालक काय बी म्हणू देत."

आजवर लोकांनी सारजाला विचारलं होतं ते चुकलेल्या म्हशीचं, रुसलेल्या जावयाचं. कौल कसाही पडला तरी त्यानं कुणी मरत नव्हतं. आणि आज सकाळपासून उडत होता तो नेमका डावा दंड. उजवा अगदी शांत होता.

डावी पाकळी थरथरली. तिची एक कड सुटली.

सारजानं श्वास धरला. उजवा खांदा कुणाला कळणार नाही असा हलवून पाहिला, पण पाकळी ढिम्म. जोरात हलवावा तर डावीच आधी गळणार. कातडीखालची ती वळवळ कोपरापासून वर सरकत होती, आणि जो दंड कधीच तिचं ऐकत नव्हता त्याची ती मनातल्या मनात विनवणी करत होती. गप रहा रे. एवढं लेकरू दवाखान्यात जाऊ दे, मग हवं तेवढं नाच.

बाहेर घोड्यानं टाप आपटली. "बाई, जल्दी करा की!" मकदूम ओरडला. "पोरगी निळी पडायली!"

"देवीला घाई करू नगं रं," बाळाबाई आतूनच म्हणाली.

डावी पाकळी आता एका टोकावर लोंबत होती. बायका पुढं वाकल्या. चंद्रव्वानं ती पाहिली आणि तिचा पसरलेला पदर हळूहळू खाली आला.

"नको म्हणती..." ती पुटपुटली आणि टांग्यातल्या नवऱ्याला सांगायला उठली.

सारजाला ते सोसवेना. तिनं उजव्या हातानं डावी पाकळी दंडावर गच्च दाबून धरली, डाव्या हातानं उजवी खेचून काढली आणि चंद्रव्वाच्या पायाशी फेकली.

"ही गळली! जा आता!"

"तू काढलीस की ती," चंद्रव्वा बावरून म्हणाली.

"मीच काढली! माझ्या अंगात देवी न्हाय का काय न्हाय. मला रोग हाय, रोग! कुटं बी उडतंय माझं अंग, त्याचा कसला कौल घेताय? ने तिला, न्हायतर मरंल ती!"

सासू आता झिंज्या धरून उठवणार, उद्याच्या उद्या माहेरी घालवणार, असं सारजाला वाटलं. तरी तिला हलकं वाटत होतं. किती दिवसांनी ती खरं बोलली होती.

बाळाबाईनं कपाळ जमिनीला टेकलं.

"आई बोलली," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "आजपातुर नुसती हालत हुती, आज तोंडानं बोलली. पळ चंद्रव्वा, सवताच्या हातानं कौल दिलाय तिनं!"

चंद्रव्वा धावली. टांगा खडखडत चाळीबाहेर गेला. आतल्या बायका एकेक करून पाटापुढं वाकू लागल्या.

सारजाला रडू फुटलं. ती हुंदके देत राहिली, आणि एकीनंही पुढं होऊन तिचे डोळे पुसले नाहीत. देवीच्या डोळ्यांना हात लावायचा कसा?

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "टांगा माघारी आला की मलाबी त्यात घाला. मलाबी त्या दवाखान्यात न्या. लई भ्या वाटतंय मला."

पाटावरून उठली की तिला 'ए सारजे' म्हणून हाकारणारी बाळाबाई घाबरून आणखी खाली वाकली.

"आई, तूच दवाखान्यात गेलीस, तर आमी इचारायचं कुणाला?"