रंगारीकाकांचं जागरण

"रंगाचाच दमा आहे हा," डॉक्टर मान वर न करता म्हणाले आणि कागदावर लिहून मोकळे झाले: घरी पाठवा.

तातडीच्या विभागात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एक खाट रिकामी झाली की दारात तिघे उभे. चार नंबरच्या खाटेच्या काठावर म्हातारे रंगारीकाका पाय सोडून बसले होते. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती घासल्या, धूळ खाल्ली. खोकला झाला नसता तरच नवल. आठवड्यात दुसऱ्यांदा आले होते. मागच्या वेळीही वाफ दिली, औषध दिलं, घरी पाठवलं. डॉक्टर वाईट नव्हते हो. सकाळपासून बिचाऱ्यांना पाण्याचा घोट घ्यायला सवड मिळाली नव्हती.

मोठ्या सिस्टरच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. सव्वीस वर्षं याच खोलीत काढलेली बाई ती. दम्याच्या औषधाने धाप कमी होत नसेल तर हृदयाकडे बघावं, हे तिला एका पेशंटने शिकवलं होतं. त्याला तिनेच हसत हसत दारापर्यंत सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तो चादरीखाली झाकलेला. तेव्हापासून धाप लागलेल्या प्रत्येकाला ती एक प्रश्न विचारायचीच, मग कुणी हसो की चिडो.

"काका, झोपताना उशा किती घेता?"

"एक. लग्न झाल्यापासून एकच," काका म्हणाले. "का हो, दवाखान्यात उशाही वाटायला लागलात की काय?"

सिस्टरला हसू आलं. हृदय थकलं की छातीत पाणी साठतं, माणसाला सपाट झोपवत नाही. मग एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. इथे तर एकच. उगाच आपला जीव खालीवर, असं म्हणत तिने सुटकेचा कागद उचलला.

तेवढ्यात काकू वॉकर टेकत पुढे आल्या. तोंडाचा पट्टा पायांपेक्षा जोरात चालत होता.

"सिस्टर, यांना जरा झोपेचं काहीतरी लिहून द्यायला सांगा की. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाठ टेकलेली नाही यांनी! महिना होत आला. माझ्या उशाशी खुर्ची टाकतात आणि रात्रभर बसून राहतात. म्हणे, तुला उठायचं झालं तर? आणि हे कोण म्हणतंय, तर कानाशी ढोल बडवला तरी कूस न बदलणारा माणूस! अख्ख्या इमारतीला सांगितलं मी. जाऊबाईंना सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं. बायका आपापल्या नवऱ्यांना यांच्यावरून टोमणे मारतात आता. लाखात एक नवरा निघाला हो माझा, मलाच उशिरा कळलं."

काका खाली बघत होते. लाजले बिचारे, सिस्टरला वाटलं. तिला आपला घरचा घोरणारा आठवला आणि ती मनात म्हणाली, असा नवरा मिळायला नशीब लागतं बाई. कागद पुढे करता करता तिचा हात थांबला. रात्रभर बसून? महिनाभर?

"काका, जरा आडवे व्हा बघू."

"आता कशाला? निघालोच की आम्ही."

"अहो, व्हा ना! एवढं म्हणताहेत तर," काकू म्हणाल्या.

काका आडवे झाले. सिस्टरने खाट सपाट केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. अर्धं मिनिट झालं नसेल, काकांचा हात खाटेची कड चाचपू लागला. ते धडपडत उठून बसले. तोंड उघडं, ओठ निळसर, शब्द फुटेना. सिस्टरने त्यांचा मोजा खाली ओढला, सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"डॉक्टर!" तिने अशी हाक मारली की सगळा विभाग वळून बघू लागला.

मग कार्डिओग्राम झाला, एक्सरे झाला, रक्त तपासायला गेलं. डॉक्टरांनी सुटकेचा कागद स्वतःच्या हाताने फाडला. "हृदय थकलंय यांचं. पाणी भरत चाललं होतं. आज सापडलंय, औषधांनी आवरेल. पण घरी गेले असते तर, सिस्टर..."

"मीही पाठवतच होते," सिस्टर म्हणाली. "काकूंचे आभार माना."

इंजेक्शन लागू पडलं. दोन तासांत पाणी उतरू लागलं, काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. काकू शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. सिस्टर सलाईन बघायला आली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी नव्हतातच बसत," काकू म्हणाल्या. "झोपवत नव्हतं म्हणून बसत होतात. आणि मी वेडी, गावभर कौतुक करत सुटले!"

काकांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"पहिल्या दोन रात्री तुझ्यासाठीच बसलो होतो गं. तिसऱ्या रात्री पाठ टेकायला गेलो, तर जमेना."

"मग तोंड नव्हतं का सांगायला? जीव गेला असता की!"

"सांगायलाच आलो होतो. तू फोनवर जाऊबाईंशी बोलत होतीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या तोंडून माझं कौतुक ऐकलं. म्हटलं, आणखी चार दिवस ऐकून घ्यावं."