तळ्यापर्यंतची रेघ

हिमालयातल्या तळ्यापर्यंतच्या ट्रेकच्या फॉर्मवर नवऱ्याची सही हवी होती, आणि नवरा म्हणाला होता, “आई म्हणेल तसं.” म्हणून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हेमलताने ती वाट आलेखाच्या कागदावर काढली आणि सासूपुढे ठेवली. “लय उंच हाय का?” कुसाबाईंनी विचारलं. “सप्तशृंगी गडाच्या तिप्पट, आत्याबाई.” कुसाबाईंना अक्षर येत नव्हतं; त्या रेघेवर बोट टेकवून निघाल्या. सपाटीवर बोट झरझर गेलं, चढावर मंदावलं. “इथं दम लागंल. गूळ जवळ ठेव.” उभ्या रेघेशी त्यांनी सुनेचंही बोट धरलं. दोघी हळूहळू चढल्या, निळ्या पेन्सिलीने रंगवलेल्या ठिपक्यापर्यंत. तिथे कुसाबाईंनी डोळे मिटले. “गार हाय,” त्या पुटपुटल्या. सातपूरहून ड्यूटी संपवून आलेल्या नवऱ्याने दारातून विचारलं, “आई, सही करू का?” “कर. आन् हाका मारू नको, आम्ही आत्ताशी वर पोचलोय.”