हमखास येणारी वीस गणितं

"आणखी एखादं गाईड आहे का?" गृहस्थांनी थकल्या आवाजात विचारलं. काउंटरवर आधीच चार गाईडं आणि तीन सराव प्रश्नसंच पडले होते.

पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, दहावीच्या गणिताचा पेपर आहे की लढाई?"

"यंदा चूक परवडणार नाही, बाई. गेल्या वर्षी त्रिकोणाच्या गणितात माती खाल्ली. पाच गुणांचा घोटाळा झाला. अजून चारचौघांत मान वर करता येत नाही."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी आहे."

"डोकं जड दिसतंय लेकीचं. बापावर गेली असेल."

गृहस्थांनी गाईडांची चळत नीट लावली. बाईंना दया आली असावी. त्यांनी लाल पेन काढलं आणि पानं उलटून भराभर खुणा केल्या.

"वीस वर्षं हाच धंदा करतेय. ही वीस गणितं हमखास येणारी. बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नका. यांतली निम्मी आली नाहीत तर दुकानाला कुलूप लावीन."

"निम्मीच?"

"मग काय सगळी? पेपर काढणारा माझा भाऊ लागतो का?"

गृहस्थ पहिल्यांदाच हसले, पण कसंनुसं.

घरी बायकोनं जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. "उद्या अकरापर्यंत होईल?"

"व्हायलाच हवं."

ती खुणा केलेली गणितं वाचून दाखवू लागली, ते कागदावर उतरवू लागले. दुपार कलली. मान अवघडली, बोटांना रग लागली. चौदाव्या गणिताशी पेन थबकलं.

"यातले आकडे जरा बदलून बघू?"

"मुळीच नाही! गेल्या वर्षी स्वतःची अक्कल चालवलीत. त्या त्रिकोणाच्या दोन बाजू मिळूनही तिसरीएवढ्या भरेनात. यंदा गुपचूप जशीच्या तशी उतरवा."

"कोणाच्या लक्षात आलं तर?"

"चुकलं की येतं लक्षात. बरोबर आलं की कोण बघतंय?"

विसावं गणित संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं कागद जुळवले. त्यांनी ते जाड लिफाफ्यात सरकवले, तोंडावर लाखेचं सील केलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'प्रति, परीक्षा मंडळ. यंदाची गणिताची प्रश्नपत्रिका. अत्यंत गोपनीय.'