चकाकीची जाडी

बॅटरीच्या पितळी पट्टीची जाडी दोन मिलिमीटर हवी होती. माल तपासणाऱ्या रिताच्या मायक्रोमीटरने पावणेदोन दाखवली. भंडाऱ्यातल्या या कारखान्यात पूर्वी गुंड-घागरी बनत. आता विजेवरच्या मोटारींचे सुटे भाग बनतात. मालक धर्मेंद्रशेठ तेही भांड्यांसारखेच घासून चमकवायला लावत. घासण्यात धातू झिजतो, पातळ पट्टी तापून गाडी पेटू शकते, हे रिता सहा महिने सांगत होती आणि नोकरीपायी 'माल पास' अशी सहीही करत होती. आज मोटार कंपनीचे साहेब तपासणीला आले. त्यांनी मोजलं काहीच नाही. पट्टी उचलली, तिच्यात तोंड पाहिलं, भांग सारखा केला. "वा, आरसाच!" "भंडाऱ्याचं पितळ हाय, साहेब!" शेठ फुगले. "रिता, कर सही. कायले थांबून राहिली?" दोघांची चमकती तोंडं न्याहाळत तिने पेनाला टोपण लावलं. "शेठ, तोंड पाहाले घरी आरसा ठेवा. हा माल नापास."