बुक्का

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. "बुवा, ही शीर फुटली. रक्त मेंदूत पसरलं आणि वैजू गेली."

लेकीच्या डोक्यातला तो पांढरा डाग दयार्णवबुवा नुसते बघत राहिले. रडू येत नव्हतं. "कशी गेली ते कळलं, डॉक्टर. पण का गेली?"

"तिथं आमचं शास्त्र थांबतं, बुवा. त्याच्या पुढचं ऐकायलाच तर मी तुमच्या कीर्तनाला येतो."

जन्मभर लोकांना मरणाचा अर्थ सांगणाऱ्या बुवांना आज एकही ओवी आठवेना. त्यांनी झोळीतून बुक्क्याची डबी काढली. कीर्तनात श्रोत्यांना लावतात तसा डॉक्टरांच्या कपाळी बुक्का लावला आणि डबी त्यांच्यापुढे धरली.

"मलाही लावा. आज मीही श्रोत्यांतच बसतो."