डांबरगोळीचं वजन

नवरा गेल्यावर रसायनशास्त्राच्या बाईंनी कपाटातल्या त्याच्या कोटाच्या खिशात एक डांबरगोळी टाकली. शाळेच्या काट्यावर ती बरोबर चार ग्रॅम भरली होती. तिच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल, म्हणून ती न वितळताच हवेत विरत जाते, हे त्या वीस वर्षं वर्गात शिकवत आल्या होत्या.

महिन्याभराने गोळी सहा ग्रॅम भरली.

"ताई, देऊन टाक तो कोट," धाकटी बहीण म्हणाली. "किती खंगलीस तू."

"कोट कुठेही जाणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि गोळीलाही नियम पाळावाच लागेल."

त्यांनी काटा घरीच आणला. शाळेतून आल्या की रोज वजन घ्यायच्या आणि गोळीला खडसावायच्या. गोळी सात झाली, मग नऊ. तिला आता डांबराचा वास उरला नव्हता. बाईंच्या साबणाचा येत होता.

आज गोळी उचलताना बोटातली अंगठी आपसूक निसटून काट्यावर पडली. बाईंनी ती अंगठ्यात घालून पाहिली. तिथेही सैलच झाली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि गोळी पुन्हा कोटाच्या खिशात ठेवली. "बघू, आधी कोण संपतं."